मुलं समाजवाद कुठे शिकतात?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून आज त्यातलाच एक विषय घेतो. घाबरू नका, परीक्षा नाही!

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तिच्यात ‘समाजवादी’ हा शब्द आहे. तो १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने आला. मुलं उद्देशिका तोंडपाठ म्हणतात. पण या शब्दाचा अर्थ विचारला की वर्ग गप्प. मोठ्यांना विचारा, तर एक म्हणतो, गरिबांची कड. दुसरा म्हणतो, रेशनची रांग आणि परवान्यांचं राज्य. दोघांकडेही आपापला अनुभव आहे. शब्दाबद्दलचं मत लहानपणी काय पाहिलं त्यावर बनतं, असं मला वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात हे ओळखलेली माणसं होती. १९४१ साली साने गुरुजी, एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दल उभं केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं-मुली एका मैदानावर खेळायची, गायची, श्रमदान करायची. अशा शाखांतून बाबा आढावांसारखे कार्यकर्ते घडले. त्यांनी १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. निळू फुले आणि स्मिता पाटील यांच्यासारखे कलावंतही सेवा दलाच्या वातावरणात वाढले. त्याच काळात वेगळ्या विचारांच्या शाखाही भरत होत्या. माणूस लहानपणी घडतो, याबद्दल मात्र दोन्हीकडे एकमत होतं.

मराठवाड्यात तर शाळा आणि चळवळ वेगळ्या नव्हत्याच. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला शिक्षक होते. पुढे त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. डाव्या विचारांचे गोविंदभाई श्रॉफ याच लढ्यातले; त्यांनी नंतर सरस्वती भुवन शिक्षण संस्था सांभाळली.

आता दुसरी बाजूही बघू. सोव्हिएत रशियात १९२२ पासून मुलांच्या गळ्यात पायोनियरचा लाल रुमाल बांधला जात असे. शाळा, गाणी, शिबिरं, सगळ्यांतून समाजवाद शिकवला जायचा. तिकडची सुंदर चित्रांची पुस्तकं मराठीतही स्वस्तात मिळायची. आपल्यातल्या काहींनी ती वाचली असतील. तरी १९९१ साली ती राजवट कोसळली. कारणं बरीच होती. शिक्षक म्हणून मी एवढंच म्हणेन, की पुस्तकात समता आणि दुकानासमोर रांग, साहेबांसाठी मात्र वेगळं दुकान, असं रोज दिसलं की धडा कितीही घोकून घेतला तरी मुलं डोळ्यांवरच विश्वास ठेवतात.

मग आपली मुलं डोळ्यांनी काय पाहतात? शाळेत पहिला नंबर. टीव्हीवर जिंकणारा एकच. घरी ‘माझी’ खोली, ‘माझा’ मोबाईल. यात गैर काही नाही; बिडकीनला आता ऑरिकचं औद्योगिक क्षेत्र आलंय, पोरांनी पुढे जायलाच हवं. पण ‘आपलं’ म्हणावं असं त्यांच्या रोजच्या बघण्यात काय आहे? मला तर एकच गोष्ट दिसते: ही सोसायटी.

सहकारी सोसायटीत घर लहान असो की मोठं, सभासदाला मत एकच. सेवा शुल्क सगळ्यांना सारखं, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात. म्हणजे काय सारखं वाटायचं आणि काय प्रमाणात, हा समाजवादातला सगळ्यात अवघड प्रश्न आपण दर महिन्याच्या बिलात सोडवत असतो!

एका उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढले, ते आठवतंय ना? जायकवाडी इतकं जवळ, तरी आपल्या टाक्या कोरड्या. कमिटीने ठरवलं, घरटी सारखे हंडे. वही सांभाळायला चार मुलं बसवली. तिसऱ्या दिवशी त्यातली एक मुलगी म्हणाली, “सर, त्यांच्या घरी सात माणसं आणि आजी अंथरुणावर. आमच्या घरी तिघंच. मग सारखे हंडे कसे?” त्या रात्री सभा झाली, बाचाबाची झाली, आणि माणशी हिशेब ठरला. ज्यांचे हंडे कमी झाले त्यांनी कुरकुर केली, पण मानलं. वर्गातल्या माझ्या चाळीस मिनिटांनी त्या मुलांना एवढं शिकवलं नसतं.

आणि हेही सांगतो, मुलं उलटं शिक्षणही इथेच घेतात. थकबाकीदाराला कुणी बोलत नाही, हे त्यांना दिसतं. वॉचमनच्या मुलाला झोपाळ्यावरून उठवलं जातं, हेही दिसतं. त्या क्षणी आपण धडाच देत असतो.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त दोन मागण्या मांडतो. एक, वार्षिक सर्वसाधारण सभेत बारा वर्षांवरच्या मुलांना बसू द्या. मत देता येणार नाही, पण ऐकता येईल. आणि खजिनदारांनी जमाखर्च त्यांना कळेल असा वाचावा. दोन, खेळाचं मैदान इथे काम करणाऱ्यांच्या मुलांनाही खुलं असल्याचा ठराव करा आणि तो फाटकावर लावा.

ही मुलं मोठी होऊन समाजवादी होतील की त्याचे टीकाकार, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मात्र ‘सगळ्यांचं’ म्हणजे ‘कुणाचंच नाही’ असं त्यांना वाटू नये, एवढं आपल्या हातात आहे. पुढच्या सभेची नोटीस निघेल तेव्हा हे दोन विषय तिच्यात असावेत, ही विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!