पुरी किंमत, अपुरी वस्तू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाची निवड माझ्यावर सोपविली असती तर मी बहुधा संतवाङ्मयाकडे वळलो असतो. परंतु यंदा विषय ठरविण्याचा मान मंडळाच्या तरुण सभासदांना मिळाला आणि त्यांनी माझ्यापुढे प्रश्न टाकला तो असा : "पूर्ण किंमत घेऊन व्हिडिओ गेम भागाभागांनी विकणे योग्य आहे काय?" मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे हिशेब तपाशीत आलेला मनुष्य. त्या खेळांची यंत्रे मला चालविता येत नाहीत. पण पैसे किती दिले आणि पदरात काय पडले, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. तेवढ्याच अधिकारावर मी आज आपणापुढे उभा आहे.

विषय समजून घेण्यासाठी मी घरच्या चिरंजीवांची शिकवणी लावली. त्यांनी सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. १९९७ साली जपानमध्ये 'फायनल फँटसी सेव्हन' नावाचा खेळ निघाला. त्यात एक मोठी कथा असून ती खेळता खेळता उलगडत जाते. मूळ खेळ तीन तबकड्यांवर मावला होता आणि एकाच किमतीत सबंध मिळत होता. त्याची नवी आवृत्ती काढताना मात्र ती तीन भागांत विभागण्याचे ठरले. पहिला भाग २०२० मध्ये आला, दुसरा २०२४ मध्ये, आणि प्रत्येक भागाला किंमत पूर्ण खेळाची. करणारे म्हणतात, आता एकेक भागच एका खेळाएवढा विस्तृत आहे. घेणाऱ्यांतले अनेक जण म्हणतात, एका गोष्टीचे आम्ही तीनदा पैसे मोजत आहोत. दुसरे उदाहरण 'हाफ-लाइफ टू' या खेळाचे. त्याचे पुढचे कथाभाग कमी किमतीत, सुटे विकले गेले. पहिला २००६ मध्ये आला, दुसरा २००७ मध्ये. दुसऱ्याने कथा ऐन पेचात आणून सोडली. तिसरा जाहीर झालेला होता, पण वर्षांमागून वर्षे लोटली तरी त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे एका ठिकाणी तक्रार किमतीची आहे, दुसऱ्या ठिकाणी वचनाची. या दोन तक्रारी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

हे ऐकताना मला वाटले, यात नवे ते काय? हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगण्याची चाल आपल्या दोन्ही भाषांत जुनी आहे. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांच्या हाती पडत गेली. त्याआधी, १८७२ मध्ये, याच बंगभूमीत बंकिमचंद्रांनी 'बंगदर्शन' सुरू केले आणि त्यातून 'विषवृक्ष' छापली. विभूतिभूषणांची 'पथेर पांचाली' देखील प्रथम 'विचित्रा' मासिकात आली, मग १९२९ मध्ये पुस्तकरूपाने. आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल, हावड्यास मुंबई मेल उशिरा पोचली की आपले साप्ताहिकही उशिरा येई, आणि नायिकेचे पुढे काय झाले ही चिंता घरातल्या बायकांना आणखी एक दिवस सोसावी लागे. त्या वाट पाहण्यात दुःख नव्हते. घरापासून हजार मैलांवर राहणाऱ्याला ती एक सोबत होती.

मग तो हप्ता गोड का वाटला आणि आजचा का बोचतो? हिशेबनिसाचे उत्तर सरळ आहे. त्या वाचकाने ज्या अंकाचे पैसे दिले तो अंक त्याच्या हाती पडत होता. वार्षिक वर्गणी भरली तरी ती वर्षाच्या अंकांची, कादंबरीच्या शेवटाची नव्हे. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. वाचकाला हळहळ वाटली असेल, परंतु आपले पैसे बुडाले असे त्याला म्हणता आले नसते.

येथे आणखी एक भेद करावयास हवा. वस्तू हप्त्याने तयार होणे निराळे आणि ती हप्त्याने विकणे निराळे. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे चित्रीकरण १९५२ मध्ये सुरू केले. पैसे संपले की काम थांबे, पैसे मिळाले की पुन्हा सुरू होई. अखेरीस पश्चिम बंगाल सरकारने मदत केली, तीही हप्त्याहप्त्याने. पण ऑगस्ट १९५५ मध्ये याच शहरातल्या प्रेक्षकाने तिकीट काढले तेव्हा त्याला चित्रपट सबंध दाखविला गेला. अडचणीचे हप्ते करणाऱ्याने आणि त्याच्या पाठीराख्यांनी सोसले, तिकीट काढणाऱ्याने नव्हे. आजच्या खेळांविषयीची अर्धी नाराजी या एका वाक्यात सांगता येईल : जे हप्ते कारखान्यात राहावयाचे ते गिऱ्हाइकाच्या घरी येऊन पोचले आहेत.

पण मी येथेच थांबलो तर तो एकतर्फी निवाडा होईल. काही कामे इतकी मोठी असतात की ती एका दमात पुरी होत नाहीत आणि पूर्ण होईपर्यंत कोणी पैसेही लावीत नाही. अशी दोन कामे मला आठवतात आणि योगायोग असा की दोन्ही महाभारताचीच आहेत. एक कोलकात्याचे, दुसरे पुण्याचे.

१८८३ मध्ये प्रतापचंद्र राय यांनी या शहरातून महाभारताचे इंग्रजी भाषांतर भागाभागांनी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. भाषांतर किशोरीमोहन गांगुली करीत. पैसा देणग्यांचा आणि वर्गणीदारांचा. १८९५ मध्ये, काम संपत आलेले असताना, प्रतापचंद्र निवर्तले. पण ग्रंथ थांबला नाही. त्यांच्या पत्नी सुंदरीबाला राय यांनी प्रकाशनाची जबाबदारी उचलली आणि १८९६ मध्ये अठराही पर्वे पुरी झाली. पुण्याला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये बाहेर आला. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये निधन पावले. मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर, त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य, असे करीत १९६६ मध्ये ते तडीस गेले. या दोन्ही ठिकाणी पहिला भाग घेणाऱ्याच्या मनात असलेली शंका एकच होती : शेवटचा भाग कोण देणार? आणि दोन्ही ठिकाणी त्या शंकेला कोणीतरी उत्तर दिले.

माझ्या चिरंजीवांनी यावर लगेच आजचा दाखला पुढे केला, आणि तो मला आवडला. अमेरिकेतील 'टेलटेल' ही कंपनी 'द वॉकिंग डेड' नावाचा खेळ भागाभागांनी काढीत असे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, शेवटच्या पर्वाचे चारपैकी दोनच भाग तयार झालेले असताना, कंपनीने बहुतेक सर्व नोकरांना घरी पाठविले. पुढचे पैसे तर लोकांनी आधीच भरलेले. तेव्हा 'स्कायबाउंड' या दुसऱ्या कंपनीने काम उचलले आणि मार्च २०१९ पर्यंत उरलेले दोन्ही भाग पुरे करून दिले. सुंदरीबाला राय यांचे नाव त्या मंडळींनी ऐकले नसेल, पण धर्म तोच पाळला.

आता आपल्या भाषेतले सर्वांत मोठे उदाहरण घेतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून परतल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवीत होते, हे आपण कोलकात्याच्या मराठी माणसांनी अभिमानाने आठवावे. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपूरला मर्यादित कंपनी स्थापन केली आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार जमविले. काम नंतर पुण्यास हलले. १९२० नंतर एकेक खंड निघत गेला आणि एकूण २३ खंड झाले. आगाऊ पैसे घेतले नसते तर ज्ञानकोश झालाच नसता. पण त्यांची रचना पाहा. पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड म्हणून काढले. वेदविद्या, विज्ञानेतिहास असे त्यांचे स्वतंत्र विषय. काम पुढे मोडले असते तरी प्रत्येक खंड स्वतःपुरता ग्रंथ म्हणून उभा राहिला असता. अकारविल्हे रचनेचे खंड त्यानंतरचे. अकारविल्हे कोश 'क'पाशी थांबला तर तो अर्धा कोश नव्हे, मोडका कोश होय. आणि शेवटी 'माझे बारा वर्षांचे काम' या १९२७ सालच्या पुस्तकात केतकरांनी त्या सगळ्या खटाटोपाची हकीकत लोकांपुढे ठेवली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शेवटचा खंड पाहावयास नव्हते, पण त्याच्या पाठीशी शासन होते. वर्गणीदारांच्या बळावर उभ्या राहणाऱ्यास तो आधार नसतो.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. माझे वडील विदर्भात एका शाळेत शिक्षक होते. मी लहान असताना एका प्रकाशकाचा माणूस घरी आला. संतवाङ्मयाचे सहा खंड निघावयाचे होते, पूर्ण रक्कम आगाऊ. वडिलांनी दोन महिन्यांच्या पगारातून ती फेडली. तीन खंड आले. पुढचे आले नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर त्या तीन खंडांच्या शेजारी वडिलांनी जागा मोकळी ठेवली होती आणि तेथे दुसरे काही ठेवू देत नसत. आई कधी बोलली तर म्हणत, "गृहस्थ अडचणीत आला असेल." त्यांच्या पश्चात घर आवरताना मला ती पावती सापडली. तीवर लिहिले होते, 'पूर्ण रक्कम पावली.' आपल्याकडे म्हण आहे, उधारीची पोती सव्वा हात रिती. आगाऊ पैशाचे पोते निम्मे रिते निघू शकते, हे मी त्या फळीवर पाहिले.

पण गेलेल्या पैशांचे मला फारसे वाटत नाही. काही वर्षांनी दुसरा एक गृहस्थ अशाच एका ग्रंथमालेची वर्गणी मागावयास आला. ती माला पुढे यथाकाल पूर्ण झाली. वडिलांनी त्याला चहा दिला आणि नम्रपणे नकार दिला. जन्मभर पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या माणसाने दिलेला तो नकार मी दाराआडून ऐकला. अपुरा हप्ता पहिल्या गिऱ्हाइकाला बुडवितो हे खरेच, पण पुढच्या प्रामाणिक माणसाचाही तो मार्ग बंद करतो. या प्रश्नात मला खरे भय आहे ते याचे.

सरकारी हिशेबात यावर एक साधा नियम आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे माल पोचल्यावर वा सेवा मिळाल्यावर पैसे द्यावयाचे, ही सर्वसाधारण रीत. आगाऊ रक्कम देता येते, पण खासगी पुरवठादारास सामान्यतः ३० टक्क्यांपर्यंत, आणि तीही तारण घेऊन. हा नियम कोणावर अविश्वास दाखविण्यासाठी केलेला नाही. आगाऊ पैसे देणारा हा गिऱ्हाईक नसून कामातला भागीदार असतो, जोखीम त्याच्याही डोक्यावर असते, आणि म्हणून त्याला हमी हवी, एवढेच त्यात गृहीत धरले आहे.

तेव्हा तरुण मित्रांनो, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. भागाभागांनी काढण्यास माझा विरोध नाही. पण प्रत्येक भाग स्वतःपुरता पुरा असावा, नाहीतर त्याची किंमत पुऱ्या वस्तूची नसावी. एकूण भाग किती, हे पहिला पैसा घेण्याआधी सांगावे. आणि न निघालेल्या भागांचे पैसे घेतले असतील तर काम मोडल्यास ते परत कसे मिळतील किंवा काम कोण पुरे करील, हे लिहून द्यावे. या तीन गोष्टी जो मान्य करतो तो वर्गणीदार मागतो आहे. त्याला अवश्य साथ द्या, कारण मोठी कामे अशीच होतात. जो मान्य करीत नाही आणि तरीही पुरी किंमत मागतो, त्याला माझ्या वडिलांप्रमाणे चहा द्या.

हे मी परक्यांसाठी सांगत नाही. कोलकात्यातील मराठी कुटुंबांचा इतिहास मंडळाने चार खंडांत काढावा आणि चारही खंडांची वर्गणी आधीच घ्यावी, असा विचार कार्यकारिणीत चालू आहे. त्या कल्पनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण वर्गणी खंडागणिक घ्यावी, तिचे खाते वेगळे ठेवावे, आणि पहिला खंड असा करावा की पुढचे तीन न निघाले तरी तो घरात ठेवावासा वाटेल, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माझी चार खंडांची वर्गणी मी देईनच. फळीवर तेवढी जागा आतापासून मोकळी ठेवतो. ती भरलेली मला पाहावयाची आहे.

माझे भाषण, दुसरा हप्ता न ठेवता, येथेच पुरे करतो.