उरलंसुरलं खायचं नाही

(संघटनेच्या मेळाव्यात केलेलं मनोगत)



मी काही डॉक्टर नाही. अंगणवाडीत काम करते, आणि २०१५ सालापासून मला डायबेटीस आहे. तेव्हा उपदेश करायला उभी नाही. माझ्या वहीत जे लिहिलंय ते सांगते.

डायबेटीस निघाला तेव्हा दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला. आठला नाश्ता, एकला जेवण, पाचला मूठभर फुटाणे, रात्री आठला जेवण. कागद चांगलाच होता. पण त्या कागदातल्या माणसाला कोणीतरी वेळेवर वाढत होतं. आमच्या घरी वाढणारी मीच! सगळ्यांचं उरकेपर्यंत अडीच-तीन वाजायचे. तोवर आमटी तळाला गेलेली, भाजी संपलेली. मग उरलेला भात आणि लोणचं. अन्न टाकवत नाही म्हणून मुलांच्या ताटातलंही मीच संपवायची. आणि साखर वाढली की घरचे म्हणायचे, ‘चोरून गोड खात असशील.’

२०१६ च्या हरतालिकेला सवयीने सकाळी गोळी घेतली आणि पाणीसुद्धा न पिता कामाला लागले. दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलता येईना. शेजारणीने तिच्या सासऱ्यांच्या यंत्रावर साखर तपासली. ५२! सत्तरच्या खाली गेली की धोका असतो. तिने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग जेवायला घातलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं, काही गोळ्या तुम्ही जेवा न जेवा, साखर खाली आणतातच. माझी त्यातलीच होती. उपास करण्याआधी विचारायला हवं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्या महिन्यात भिशीच्या पैशांतून यंत्र घेतलं. पट्ट्या महाग, म्हणून रोज नाही, आठवड्यातून दोन जेवणं तपासायची ठरवली. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. डॉक्टरांनी मला हद्द दिली होती : आधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत. एकदा यंत्राने एकदम ३१० दाखवले. घाबरले. मग लक्षात आलं, नुकताच गूळ चिरला होता! साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा पाहिलं तर १४०.

वहीत काय निघालं? अडीच वाजता उरलेला भात : आधी १२४, नंतर २४७. एकादशीची साबुदाण्याची खिचडी : नंतर २३६. आणि एक वाजता दीड भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर आमटी, काकडी : आधी १२६, नंतर १५८. भाकरी चांगली म्हणून तीन खाल्ल्या, त्या दिवशी २०५. म्हणजे काय खाल्लं तसंच किती खाल्लं, तेही मोजायचं.

वही नवऱ्यासमोर ठेवली. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर ‘तुझं काहीतरीच’ झालं असतं. आकड्यांशी कोण भांडणार? तो म्हणाला, ‘मग आमच्याबरोबरच बस की.’ लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मुलगा मात्र वाढायला शिकला.

गोळ्या अजून चालू आहेत. आहार सुधारला म्हणून मनाने बंद करायच्या नसतात. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसीची तपासणीही करते. पण बायांनो, पथ्य म्हणजे नुसतं साखर सोडणं नाही. वेळेवर, ताजं आणि पुरेशा डाळ-भाजीचं जेवण हा आपला हक्क आहे, आणि तो मागायला आजार व्हायची वाट कशाला पाहायची? आज घरी गेलात की आमटी तळाला जायच्या आत आपलं ताट वाढून घ्या.