मुक्या मदरबोर्डची दोन अक्षरं

पंखा फिरतो, पण पडदा काळाच. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत एखादा संगणक असा रुसला, तर मदरबोर्ड बदलायची घाई नको. आधी डायग्नोस्टिक कार्ड लावून पाहावं.

संगणक सुरू होताना बायोस एकेक भाग तपासतो आणि त्या टप्प्याचा संकेत ‘८० एच’ या पोर्टवर पाठवतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासूनची ही पद्धत. पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेलं कार्ड तो संकेत दोन अक्षरांत दाखवतं.

अवॉर्ड कंपनीचा बायोस ‘सी१’वर अडकला, तर पहिला संशय रॅमवर; ती काढून, पुसून पुन्हा बसवावी. सुरुवातीपासून ‘००’च दिसलं, तर वीजपुरवठा, प्रोसेसर आणि बायोस चिप तपासावी.

प्रत्येक कंपनीच्या बायोसचे संकेत वेगळे असतात. कार्ड लावताना आणि काढताना मात्र प्लग काढलेलाच हवा.