दहा फुटांवरची टोपली

शाळेच्या पटांगणावर मुलांची रांग लावताना आम्ही शिक्षक बुटकी मुले पुढे व उंच मुले मागे उभी करतो. प्रार्थनेपुरते हे ठीक आहे. परंतु खेळाचा संघ निवडण्याची वेळ आली, की तीच रांग आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि पुढची पाचसहा मुले आपोआप बाजूला होतात. काही वर्षांपूर्वी बास्केटबॉलचा संघ निवडताना अशाच एका ठेंगण्या मुलाला मी म्हणाले होते, "तू आपले बुद्धिबळ खेळ." तो हसला आणि निघून गेला. एकदा त्याच्या हाती चेंडू देऊन पाहावे, एवढेही मला सुचले नाही. आज मी ज्या खेळाडूची हकीकत सांगणार आहे, ती पुढे माझ्या वाचनात आली आणि त्या मुलाचे ते हसणे मला आठवले.

टायरोन बोग्स हे त्या खेळाडूचे नाव. सारे जग त्याला 'मग्सी' म्हणून ओळखते. १९६५ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या एका गरीब वस्तीत त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना रस्त्यावर झालेल्या गोळीबारात त्याला छर्रे लागले. पुढे वडील तुरुंगात गेले. आईने अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून नोकरी धरली व मुलांना वाढविले. मग्सीची उंची पाच फूट तीन इंचांवर थांबली ती कायमचीच.

आता ज्या खेळात तो उतरला, त्याचा विचार करा. कुस्तीत वजनाचे गट असतात. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्यासमोर वजनाने बरोबरीचे मल्ल होते. बास्केटबॉलमध्ये उंचीचे असे गट नाहीत. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर, आणि ती सर्वांना सारखीच! गंमत अशी, की ही उंची कोणी शास्त्र पाहून ठरविलेली नाही. १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला, तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्याने फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, एवढेच त्याचे कारण.

१९८७ साली वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाने मग्सीची निवड केली. साऱ्या देशातून झालेल्या त्या निवडीत त्याचा क्रमांक बारावा होता. त्याच संघात मनूट बोल हा सात फूट सात इंच उंचीचा खेळाडू होता. दोघे शेजारी उभे राहिले, की लोक हसत. पण मग्सी हा लोकांच्या करमणुकीसाठी घेतलेला खेळाडू नव्हता. पुढच्या वर्षी तो शार्लट येथील नव्या संघात गेला व तेथे सुमारे दहा वर्षे त्याने संघाची धुरा वाहिली. २००१ पर्यंत तो एकूण ८८९ सामने खेळला आणि गुण मिळविता येईल असा चेंडू त्याने आपल्या सोबत्यांना ६,७२६ वेळा पोहोचविला.

हे त्याला कसे साधले? त्याची जागा 'पॉइंट गार्ड'ची. चेंडू आपल्या बाजूकडून पुढे न्यावयाचा, कोण मोकळा आहे हे हेरावयाचे व नेमक्या क्षणी त्याच्या हाती चेंडू द्यावयाचा, हे या खेळाडूचे काम. मग्सी चेंडूला टप्पे देत नेई ते इतक्या खालून, की उंच प्रतिस्पर्ध्याला तेथवर वाकणे कठीण जाई. उलट, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू जमिनीवरून वर येताच तो मधल्यामध्ये टिपून नेई. अशा रीतीने त्याने १,३६९ वेळा चेंडू हिरावून घेतला. ज्या उणिवेला लोक हसत, तीच त्याने हत्यार म्हणून वापरली.

परंतु श्रोतेहो, येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. "मनात आणले की काहीही होते," असे मुलांना सांगणे सोपे आहे. ते खरे मात्र नाही. त्या खेळात उंचीला मोल आहेच, आणि मग्सीइतका बुटका दुसरा खेळाडू अमेरिकेच्या त्या व्यावसायिक स्पर्धेत आजवर झालेला नाही. त्याच्यापाशी विलक्षण वेग होता, वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वस्तीतील मैदानावर आणि शाळेत त्याला खेळू देणारी माणसे होती. त्याच्या शाळेच्या संघाने लागोपाठ दोन वर्षे एकही सामना गमावला नाही. त्या संघाच्या निवडीच्या दिवशी कोणी त्याला "बुद्धिबळ खेळ" म्हणून परत पाठविले असते, तर आज त्याचे नावही आपल्या कानी आले नसते.

वामनाची कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. शुभवर्तमानातील ठेंगणा जक्कय गर्दीत काही दिसेना म्हणून उंबरावर चढला, हेही आम्ही मुलांना सांगतो. पण जक्कयाला निदान चढावयास उंबर होता! पेडणे-डिचोलीच्या गावांत भातकापणी झाली, की मोकळ्या शेतांत मुले फुटबॉल खेळतात. तेथे कोणी कोणाची उंची मोजीत नाही. जो धावतो, तो खेळतो. गोव्यात २०१४ साली लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, २०२३ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, आणि दोन्हींत बास्केटबॉल होता. मोठ्या स्पर्धा येतात व जातात. गावच्या शाळेत एक मैदान, दोन टोपल्या आणि सर्वांना चेंडू देणारा शिक्षक असला, तर तोच मुलांचा उंबर होय.

त्या मुलात मोठा खेळाडू दडला होता, असे मी म्हणत नाही. कदाचित दोन दिवसांत त्यानेच तो खेळ सोडला असता. पण ते त्याने ठरवावयाचे होते, आणि ते मी ठरविले. आता निवडीच्या दिवशी मी रांग लावीत नाही. मुले गोलाकार उभी राहतात, आणि चेंडू प्रत्येकाच्या हाती एकदा तरी जातो.