हमरापूरला गाडी मिनिटभर थांबते

आज आपल्या लहान स्टेशनांबद्दल बोलायचंय.

सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, मग रोहा. मेमूनं जाणारीला ही नावं पाठ असतात. लांबच्या गाडीतला माणूस पाटी वाचेपर्यंत पुढे गेलेला असतो. आपट्याचं नाव तेवढं 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मुळे झालं, शेवटची धावत्या गाडीची पळापळ तिथलीच. हमरापूरला उतरणाऱ्या बायांवर कुणी कॅमेरा लावला नाही.

हमरापूर, जोहे म्हणजे गणपतीचे कारखाने. मूर्ती घासून गुळगुळीत करायची, रंग द्यायचा, खडे लावायचे, फेटा बांधायचा, यात बायांचे हात खूप. मीही चार पावसाळे खडे लावले. रिक्षानं जायचं तर अर्धी मजुरी रस्त्यातच संपायची, म्हणून गाडी.

आता जे सांगणार आहे ते मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. एका लहान स्टेशनावर, नाव नको, संध्याकाळी पाऊस होता. पलीकडच्या फलाटावर जायचं होतं. आमची गाडी उभीच होती. पूल कोण चढतंय, म्हणून गाडीच्या शेपटीमागून निघाले. डोक्यावर पिशवी, हातात छत्री. मागून एका मावशीनं पदर धरून ओढलं, आणि दुसऱ्या रुळावरून लांबची गाडी धाडधाड गेली. छत्री कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही. मावशी मला काही बोलली नाही, नुसती थरथरत होती.

नंतर विचार केला, मी अशी कशी निघाले? तर ही सवय सासूबाईंची. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत आले ते एकेरी. गाडी समोर उभी आहे म्हणजे दुसरी येणार नाही, असा तेव्हाचा हिशेब. आता मार्ग दुहेरी झालाय. उभी गाडी पलीकडून येणारीला झाकून टाकते. विजेची गाडी डिझेलसारखी लांबून घरघरतही नाही, आणि पावसात छत्रीखाली काय ऐकू येणार? रूळ ओलांडणं कायद्यानं गुन्हा आहे, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला दंड नाही, ती मावशी आठवते.

दुसरी गोष्ट तिकिटाची. 'दोन स्टेशनं तर जायचंय' म्हणून आपण काढत नाही. पकडलं तर भाडं वेगळं आणि वर कमीत कमी अडीचशे रुपये. पण खरं नुकसान पुढेच आहे. एखाद्या गाडीला थांबा द्यायचा की काढायचा, हे ठरवताना रेल्वे तिथली तिकीटविक्री बघते. आपण चाळीस जणी चढलो आणि तिकिटं सहाच निघाली, तर कागदावर आपण सहाच. मग संध्याकाळची गाडी मागायची कुठल्या तोंडानं? साध्या गाडीचं कमीत कमी भाडं दहा रुपये आहे. खिडकीवर रांग असेल तर मुलीला मोबाईलवर काढायला सांगा.

आमच्या गटानं महिनाभराची तिकिटं एका पिशवीत जमवलीत. फलाटावर दिवे हवेत, संडास हवा, असा अर्ज लिहिलाय. ग्रामसभेचा ठराव झाला की तिकिटांसकट स्टेशनमास्तरांकडे देणार. तुमच्या स्टेशनावर काय अडतंय ते आम्हाला कळवा. आणि प्रवासात अडचण आली तर १३९ नंबर लक्षात ठेवा.