बैलाचे दात आणि वाघाचे दात

अमरावती-अकोल्याकडील गुरांच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचा खांदा पाहते, खूर पाहते. पण ओठ फाकवून दात पाहिल्यावाचून सौदा बोलत नाही. शहरवासी गृहस्थ हे प्रथमच पाहील, तर खचित दचकेल. वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही! परंतु बैल म्हातारा नव्हे. रवंथ करणाऱ्या या जातीस तेथे घट्ट हिरडीची गादीच असते. जिभेने वेटाळलेले गवत खालच्या आठ दातांनी त्या गादीवर दाबून तोडावयाचे, एवढेच पुढचे काम. दुधाचे दात पडून कायमचे जोडीजोडीने येतात. म्हणून आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल ‘जुळला’. त्यापुढील वय झिजेवरून अदमासानेच ठरते.

खरे दळण मागे, गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड चालते. तेथे चोवीस दाढा असतात. ज्वारीचा कडबा चिवट. शिवाय त्यात वाळूतलेच सिलिका हे द्रव्य असल्याने दाढ झिजते. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावावी लागते. दाढेत मात्र कठीण व मऊ थरांच्या घड्या असतात. मऊ थर आधी झिजतो, कठीण थराच्या धारा वर राहतात, आणि दळता दळताच दाढेला टाकी लागत जाते. खालचा जबडाही जात्यासारखा आडवा फिरतो.

याच वऱ्हाडाच्या उत्तरेस, मेळघाटच्या डोंगरात, १९७३-७४ साली व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. तेथील वाघाचा जबडा असा आडवा फिरत नाही. दोन-अडीच इंची सुळे सांबराच्या मानेत रुततात. दाढा कात्रीच्या पात्यांप्रमाणे मांस कापतात, आणि तुकडा बहुधा न चघळताच पोटात जातो. सुळा मोडला की रानातली शिकार अवघड होते, आणि असा वाघ कधी गावच्या गुरांकडे वळतो.

बैलाची अडचण निराळी. दावणीत कडबा असतो, तोंडही हलत असते, तरी झिजलेल्या दाढांनी चारा दळला जात नाही आणि अंग उतरत जाते. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण येथे अक्षरशः खरी होते. अशा बैलाला कडब्याची बारीक कुट्टी व भिजवलेली सरकीची ढेप घालावी लागते. म्हणून जुळलेल्या बैलाचे पुढचे दात पाहून न थांबता, जाणता गिऱ्हाईक त्याचे शेणही पाहतो. त्यात लांब काड्या दिसल्या की मृगाच्या तोंडावरही पैसे कनवटीलाच ठेवतो.