दुहेरी कामाचे खोगीर

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला सुमारे 40 किलोमीटरांवर कापूरहोळ हे गाव लागते. येथून एक वाट पश्चिमेस भोरकडे वळते, तर दुसरी पूर्वेस नारायणपुरावरून, पुरंदराचा पायथा डाव्या-उजव्या वळणांनी चुकवीत, सासवडकडे जाते. पुरंदरावर 14 मे 1657 रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म झाला, आणि त्यांना दूध पाजणारी धाराऊ गाडे ही याच कापूरहोळची. या मुलखातला स्वार एकाच दिवशी माळावर दौड करी, ओढे व शेतांच्या ताली ओलांडी आणि घाटही चढे. सपाटीसाठी एक खोगीर आणि अडथळ्यांसाठी दुसरे, ही चैन त्याला ठाऊक नव्हती. आजच्या हौशी स्वारापुढे मात्र हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो: मैदानावरील चालीसाठी आणि उड्यांसाठी एकच खोगीर पुरेल काय, आणि पुरणार असेल तर ते निवडावे कसे?

मराठी भाषेने खोगिरावर थोडा अन्यायच केला आहे. निरुपयोगी मजकुराने पाने फुगविली किंवा नालायक माणसांनी कचेरी भरली, की तिला 'खोगीरभरती' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्याने घोडा पाळला आहे तो या शब्दाला हसणार नाही. खोगिराच्या पोटात काय भरले आहे आणि ते कसे भरले आहे, यावरच घोड्याची पाठ शाबूत राहते. भराव एका बाजूस गोळा झाला, तर स्वाराचे सारे ओझे तळहाताएवढ्या जागेवर येते आणि तेथील कातडी सोलवटून निघते. मुके जनावर तक्रार सांगू शकत नाही. ते फक्त अडते, आणि धनी त्याला अडेलतट्टू ठरवून मोकळा होतो.

मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा आणि साज सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपला साज घेऊन चाकरीस येई. आजही स्वारीच्या शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी ही एका अर्थी बारगीरच असते. शाळेचा घोडा, शाळेचे खोगीर. जे मिळेल त्यावर मांड ठोकावयाची. खरी चिंता सुरू होते ती हा बारगीर शिलेदार होऊ पाहतो तेव्हा. पदरचे पैसे खर्चून चामड्याचे जीन घ्यावयाचे असते, दुकानदार दहा प्रकार पुढे टाकतो, आणि त्यांतील भेद कोणी समजावून सांगत नाही.

हे भेद समजण्यासाठी इटलीतील एका घोडदळ-अधिकाऱ्याची आठवण काढणे भाग आहे. फेडेरिको काप्रिल्ली हे त्याचे नाव. त्याचा जन्म 1868 चा आणि मृत्यू 1907 चा. त्याच्या पूर्वी घोडा उडी घेऊ लागला की स्वार मागे रेलून लगाम खेची. याने घोड्याच्या तोंडाला हिसका बसे आणि पाठीवर धक्का. काप्रिल्लीने उलट शिकविले: रिकीब आखूड करावी, अंग पुढे झुकवावे, हात सैल सोडावे आणि घोड्याला आपली पाठ व मान मोकळी वापरू द्यावी. आज जगभर हीच पद्धत रूढ आहे, आणि जिनाचा आकारही तिच्यामागोमाग बदलला.

सपाटीवरच्या कामात स्वाराचा पाय लांब लोंबता असतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावी असा दंडक आहे. म्हणून त्या कामाच्या जिनाची बैठक खोल असते आणि बाजूचे चामडी पल्ले सरळ खाली उतरतात. उडीच्या वेळी रिकीब दोन-चार भोके वर घेतली जाते. त्यामुळे गुडघा वाकून पुढे सरकतो. त्या गुडघ्याला आधार मिळावा म्हणून उडीच्या जिनाचे पल्ले पुढे झुकविलेले असतात, आणि स्वाराला चटकन उचलता-टेकता यावे म्हणून बैठक उथळ असते. सरळ पल्ल्याच्या जिनावर उडी घेतली तर गुडघा चामड्याच्या बाहेर पडतो. पुढे झुकलेल्या जिनावर सपाटीचे काम केले तर पाय आपोआप पुढे जातो आणि स्वार खुर्चीत बसल्यासारखा दिसू लागतो.

या दोहोंच्या मधले जे जीन, त्याला 'जनरल पर्पज' म्हणतात. त्याचे निंदक म्हणतात की हे दोन डगरींवर पाय ठेवणे आहे. आक्षेप अगदीच खोटा नाही. ज्या स्पर्धेत सपाटीची कसरत, रानातील अडथळे आणि मैदानातील उड्या अशा तिन्ही कसोट्या द्याव्या लागतात, तेथील मुरलेले स्वार सपाटीसाठी एक आणि उड्यांसाठी दुसरे जीन बाळगतात. तथापि ज्याला आठवड्यातून तीन-चार दिवस दुडकी व दौड सुधारावयाची आहे आणि अधूनमधून दोन-अडीच फुटांचे अडथळे ओलांडावयाचे आहेत, त्याला मधले जीन पुरेसे होते. अट एवढीच, की ते खरोखर मधले असावे. रिकीब अडकविण्याची लोखंडी पट्टी फार पुढे बसविली असेल, तर नावात काहीही असो, सपाटीवर पाय मागे राहणार नाही. पल्ला थोडासाच पुढे झुकलेला आणि बैठक मध्यम खोल, हे त्याचे खरे लक्षण होय.

निवडीचा क्रम मात्र लोक बहुधा उलटा लावतात. आधी किंमत, मग चामड्याचा रंग, मग स्वाराची सोय आणि शेवटी घोडा. वास्तविक प्रथम घोडा पाहावा. शर्यतीतून निवृत्त झालेला उंच, सडपातळ घोडा स्वारीच्या शाळेत येतो, तेव्हा त्याच्या मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा ठळक असतो. गोलसर अंगाच्या तट्टाची पाठ रुंद असते. एकाचे जीन दुसऱ्यावर चढविले, तर ते एके ठिकाणी रुतते व दुसरीकडे डगमगते. भीमेच्या खोऱ्यात वाढलेला भीमथडी घोडा असो, मारवाडी असो वा काठेवाडी असो, ज्याच्या पाठीवर बसावयाचे त्याच्याच पाठीवर जीन ठेवून पाहावे, आणि तेही प्रथम खाली कापड न घालता.

ही तपासणी घरच्या माणसालाही करता येते. जिनाच्या आतला सांगाडा खांद्याच्या फऱ्यामागे बसला पाहिजे; फऱ्यावर चढला तर पुढचा पाय आखडतो, आणि उडीत हाच पाय प्रथम वर यावयाचा असतो. स्वार बसल्यावरही पुढची कमान आणि तो उंचवटा यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज जावीत. दोन्ही बाजूंच्या भरावामधील पन्हळ मोकळी असावी, म्हणजे कण्यावर भार येत नाही. मागे जीन शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर यावा. तो मागे ढळला तर स्वार कितीही कसलेला असला तरी उडीत मागेच राहील. मग तंग आवळून अर्धा तास घोडा फिरवावा आणि जीन उतरवून घामाचे ठसे पाहावेत. सगळीकडे सारखा घाम म्हणजे भार सारखा. घामाच्या मध्येच कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब अधिक आहे असा संशय धरावा. जुन्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे पट्टे दिसतात, ते बहुधा अशाच एखाद्या विसरलेल्या जिनाची साक्ष असतात.

यानंतर स्वार. बैठकीचे माप इंचांत मोजतात. 17 इंचांचे जीन एकाला ऐसपैस होईल, तर लांब मांडीच्या दुसऱ्याला आखूड पडेल. स्वार बसल्यावर त्याच्या पाठीमागे चार बोटांची जागा उरावी आणि रिकीब आखूड केल्यावर गुडघा पल्ल्याच्या आत राहावा. वाढत्या वयाच्या मुलासाठी नवे महाग जीन घेण्यापेक्षा चांगले वापरलेले घेणे शहाणपणाचे. परंतु ते घेताना पुढची कमान व मागचा काठ हातांनी दाबून सांगाडा मोडलेला नाही ना, हे पाहावे. मोडक्या सांगाड्याचे जीन फुकट मिळाले तरी महागच पडते. शिलाई आणि तंगाचे पट्टे यांवर तर जीवच टांगलेला असतो.

कापूरहोळच्या आसपास कोणा कुटुंबाने शेतावर एक घोडी बाळगली आहे असे समजा. घरची मुलगी सकाळी माळावर दुडकी शिकते आणि सुटीच्या दिवशी दोन-तीन बांबू आडवे टाकून उड्या घेते. गेला महिनाभर घोडी बांबूपाशी येऊन अडते. कोणी चाबूक सुचवितो, कोणी घोडी विकावयास सांगतो. अशा वेळी वडिलांनी पहिले काम करावे ते हे, की जीन उतरवून पाठीवर तळहात फिरवावा. तंग आवळताना घोडी कान मागे पाडीत असेल, बोटांच्या दाबाखाली पाठ आक्रसत असेल, तर दोष तिच्या स्वभावाचा नसून वेदनेचा असण्याचा संभव मोठा. पशुवैद्याला पाठ दाखवावी, जाणत्या कारागिराकडून भराव नीट करून घ्यावा, आणि पाठ बरी होईतो बांबू उचलून ठेवावेत. घोड्याची पाठ ऋतूप्रमाणे, चाऱ्याप्रमाणे आणि मेहनतीप्रमाणे बदलते. म्हणून गेल्या वर्षी बसलेले जीन यंदाही बसेलच असे नाही. वर्षातून एकदा तरी ही परीक्षा व्हावी.

1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांत भारतीय घोडेस्वारांनी तीन सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर 41 वर्षांनी, 2023 साली, हांगचौ येथे सपाटीच्या कसरतीत भारतीय संघाला सुवर्ण मिळाले, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा हा होता. अशा यशाने घरोघरी हौस वाढते, हे चांगलेच आहे. परंतु हौस माणसाची आणि पाठ घोड्याची, हा भेद विसरून चालणार नाही. एक जीन दोन कामे करील. दोन कामांचे दुःख मात्र त्याने एका पाठीवर लादता कामा नये. घोडामैदान जवळच असते: जीन चढवावे, अर्धा तास फिरावे, उतरावे आणि हात फिरवून पाहावे. घोडा बोलत नसला, तरी त्याची पाठ खरे ते सांगते.